शालीखालचा सौदा

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. चहा नंतर, डबा नंतर, आधी हे. साहेब गिऱ्हाइकाला साइट दाखवायला गेलेत, ऑफिसात मी एकटी, मशीनवर कोरा कागद चढवलाय आणि बोटं काही थांबत नाहीत. घाईत एखादी मात्रा उडाली तर तुम्ही मनातल्या मनात लावून घ्या.

झालंय असं की साहेबांनी आज यंदाच्या संमेलनाची पत्रिका टाइप करायला दिली. आमचं संमेलन म्हणजे प्लॉट-एजंटांचं वार्षिक संमेलन. पिंपरीपासून चाकणपर्यंत जमिनी घेऊन देणारे, विकून देणारे आणि घेऊन-विकून झाल्यावर कुणाला न सापडणारे, असे सगळे वर्षातून एकदा मांडवात जमतात आणि एकमेकांना हार घालतात. साहेब अध्यक्ष, मी त्यांची टायपिस्ट. जिना उतरता उतरता ते म्हणाले, "मागच्या संमेलनांची ठळक वैशिष्ट्यं पण जोड गं खाली. छाप पडते." म्हणून मी चऱ्होलीला झालेल्या संमेलनाचा अहवाल काढला. मीच टाइप केलेला. सगळं कसं शुद्ध, स्वच्छ, समास सोडून. वाचता वाचता मी इतकी हसले की खालचा कापड-दुकानदार वर बघून गेला.

कारण त्या दिवशी खरं जे ठळक घडलं ते मी बघितलंय. ते अहवालात आहे, पण असं आहे की आम्हालाही ओळखू येऊ नये.

आधी आमच्या घरचं सांगते, नाहीतर मी मांडवात बसून नखं का खात होते ते कळायचं नाही. आम्ही तेव्हा काळेवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचो. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. मालक भला माणूस, आईला पत्रिकाही देऊन गेला आणि म्हणाला, "वहिनी, लग्नाला नक्की यायचं. त्याआधी तेवढी खोली मोकळी करा."

बाबा भोसरीला कंपनीत. गुरुवारी सुट्टी. तर दर गुरुवारी बाबा धुतलेला शर्ट घालून खोली बघायला जायचे. सुरुवात सगळीकडे झकास. "कंपनीत आहात? परमनंट? वा वा, बसा की. अगं चहा टाक." मग जरा वेळानं, सहज, छताकडे बघत, "आडनाव काय म्हणालात?" बाबा आडनाव सांगायचे. आम्ही बौद्ध. की लगेच त्या खोलीत राहायला गावाहून पुतण्या येणार असायचा. इतके पुतणे एका उन्हाळ्यात पिंपरीत आले असते तर कारखान्यांना माणसं कमी पडली नसती. एका घरात तर चहाला आधण आलेलं होतं, तो स्टोव्ह फुस्स करून बंद झाला. बाबा घरी येऊन हे सगळं नकला करून सांगायचे, आम्ही हसायचो. आई हसायची नाही. ती म्हणायची, "आपलं आडनाव म्हणजे उलटी किल्ली. लावली की दार बंद."

शेवटी बाबांनी ठरवलं, भाडं पुरे, साठवलेलं मोडू आणि छोटासा तुकडा घेऊ. आणि आमच्या घरात तर साक्षात एजंटाची टायपिस्ट! मी साहेबांना विचारलं. साहेब काही वाईट नाहीत हो. दिवाळीला साडी देतात. आईला बरं नव्हतं तेव्हा पिंपरीच्या दवाखान्यात ओळख काढून दिली. ते लगेच म्हणाले, "बघतो ना. तुमच्यासाठी वेगळं बघतो." वेगळं म्हणजे ओढ्याकाठचं. उन्हाळ्यात प्लॉट, पावसाळ्यात ओढा. मी म्हटलं, "साहेब, आळंदी रस्त्याच्या बाजूचं एखादं?" तर आवाज खाली करून म्हणाले, "माझं काही नाही गं. मी तर मानतच नाही. पण आजूबाजूचे प्लॉटवाले विचारतात ना."

आजूबाजूच्या प्लॉटवाल्यांनी अजून प्लॉट घ्यायचे होते. लेआउटचा कागदच मी त्या सकाळी टाइप केला होता. सगळे रिकामे.

आणि त्याच आठवड्यात साहेबांनी मला अध्यक्षीय भाषण सांगितलं. येरझाऱ्या घालत. "जात, धर्म, पंथ न पाहता प्रत्येकाच्या डोक्यावर छप्पर, हेच आम्हा मध्यस्थांचं ब्रीद! उद्गारचिन्ह घातलंस? दोन घाल." मी दोन घातली.

संमेलन चऱ्होलीला ठेवलं होतं, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या वावरात. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. वावर रस्त्याला लागून, काळंभोर, आणि त्यातला काही भाग तात्या तुकडे पाडून विकणार अशी बातमी उठलेली. कुणामार्फत विकणार हे मात्र बोलत नव्हते. त्यामुळे एका वर्षात तात्यांना जितके भाचे आणि मानसपुत्र मिळाले तितके कुणाला मिळाले नसतील. संमेलनाचे प्रमुख पाहुणे कोण, तर तात्या. ते पूर्वी चाकणच्या बाजारात बैलांची खरेदी-विक्री करायचे. आता ऐकायला कमी यायचं. त्यामुळे प्रमुख पाहुणे म्हणून एकदम योग्य.

पत्रिकेवर साहेबांनी सवयीनं लिहायला लावलं, "स्थळ: स्टेशनपासून पाच मिनिटांवर." आणि गंमत बघा, हेच वाक्य आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवणारी माणसं छापील कार्डावर विश्वास ठेवून स्टेशनवर उतरली आणि चालत निघाली! मांडवाची फीत कापायची वेळ होऊन गेली तरी खुर्च्या रिकाम्या. मग एकेक जण यायला लागला. सफारी सुटावर धूळ, चपलेत ज्वारीची धसकटं, गळ्यात उपरण्यासारखा टाकलेला घामाचा रुमाल.

"पाच मिनिटं? कुणी लिहिलं हे? कुणी लिहिलं?"

"राव, तुमच्याच पाटीवर असतंय की," साहेब म्हणाले, "मी तर तुमच्या पाटीवरनं उचललं."

"अरे पण ते गिऱ्हाइकांसाठी असतं!"

फोटोग्राफर आधीच आलेला. रिकाम्या खुर्च्या बघून साहेब माझ्याकडे धावत आले. "तुझ्या घरचे आलेत ना? बसव पुढं. पुढच्या ओळीत बसव." गुरुवार होता आणि जेवणात जिलबी होती, म्हणून आई-बाबा आलेच होते. असे आम्ही पुढच्या ओळीत आलो. फोटोत आहेत बाबा. अध्यक्षांच्या बरोबर समोर.

परिसंवाद झाला, "ग्राहकाचा विश्वास कसा संपादन करावा." एका वक्त्याला फारच टाळ्या पडल्या. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला साइटवर कधीही दुपारी नेऊ नका. दुपारी माळ दिसतो. संध्याकाळी न्या. संध्याकाळी निसर्ग दिसतो." लोक चक्क लिहून घेत होते.

मग तात्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, फोटोसाठी शाल पुन्हा एकदा काढून पुन्हा एकदा घातली. तेवढ्यात एका उतावीळ एजंटाला राहवलं नाही. त्यानं माइक ओढून घेतला आणि तात्यांच्या मातीचं कौतुक करता करता आपण काय भाव द्यायला तयार आहोत तेच जाहीर करून टाकलं. भोंग्यातून! आख्ख्या शिवारात! कमी ऐकू येणाऱ्या तात्यांनाही तेवढं बरोबर ऐकू आलं. ते उठले.

"भाव काय भोंग्यातनं सांगत्यात व्हय? लाजबिज हाय का न्हाई? पोरगी बगाया आल्यावर तरी येवढं वरडत न्हाई कुनी!"

आणि शाल सावरत स्टेजवरून खाली उतरले. साहेब "तात्या, तात्या" करत राहिले. तात्या पुढच्या ओळीपाशी आले, बाबांनी उठून आपली खुर्ची दिली, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि खाली सतरंजीवर बसले. आता म्हातारा माणूस खाली आणि आपण वर कसं बसायचं, म्हणून बाबाही त्यांच्या शेजारी खाली बसले. बस्स. एवढंच. यात कुणाचा काही डाव नव्हता.

मी स्टेजच्या कडेला भाषणाची कार्बन कॉपी घेऊन बसलेले. साहेब अडखळले तर पुढचा शब्द सांगायचा, हे माझं काम. तिथून तात्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, कारण ते हळू बोलूच शकत नाहीत.

"कोंच्या गावचं तुमी?"

"चाकणच्या पलीकडचा," बाबा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. "वडील बाजारात असायचे. दुसऱ्यांचे बैल धरून उभे राहायचे."

"मंग हाताची भाषा ठावं असंल."

"ठाऊक आहे की."

तात्यांनी बाबांकडे जरा बघितलं आणि हनुवटीनं रस्त्याकडचा कोपरा दाखवला, घ्यायचा का म्हणून. मग खांद्यावरची शाल काढली आणि दोघांच्या मध्ये, दोघांच्या हातांवर पसरली.

मी नखं खायला लागले. कारण मला कळलं काय चाललंय. चाकणच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं धरायची. कुठलं बोट, किती बोटं, कसं दाबलं, त्यावर भाव. वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही की बैल केवढ्याला गेला. मला कसं माहीत? लहानपणी बाबा गोधडीखाली माझ्याशी असाच सौदा करायचे. शेंगदाण्याच्या लाडवांचा. मी नेहमी हरायचे, कारण मला हसू यायचं.

बाबा हसत नव्हते.

इकडे साहेबांनी घसा साफ केला. "बंधू आणि भगिनींनो, मध्यस्थ म्हणजे काय?"

शाल हलली. शालीखाली मांजराचं पिल्लू शिरावं तशी.

"मध्यस्थ म्हणजे दोन तीरांना जोडणारा पूल!"

तात्या म्हणाले, "औंदा ज्वारी बरी झाली." बाबा म्हणाले, "आमच्याकडे पाखरांनी खाल्ली." शाल हलली. बाबांनी मान हलवली, नाही म्हणून.

"घेणाऱ्याला देणाऱ्याची भाषा कळत नाही! देणाऱ्याला घेणाऱ्याची भाषा कळत नाही!"

तात्यांनी हात सोडवून घेतल्यासारखं केलं. बाबांनी परत धरला. आई बायकांच्या बाजूला बसलेली. तिला काहीच माहीत नव्हतं, ती मान उंच करून बघत होती की हा माणूस भर सभेत म्हाताऱ्याचा हात धरून का बसलाय.

"म्हणूनच, बंधूंनो, मध्यस्थाशिवाय या भागात एक इंचही जमीन या हाताची त्या हाताला..."

इथं साहेबांची नजर खाली गेली. शालीवर. साहेब स्वतः एजंट आहेत, बाजार त्यांनीही बघितलाय. ते थांबले. मी कार्बन कॉपीतून कुजबुजले, "जाणं शक्य नाही." ते बोलेनात. मी परत, "जाणं शक्य नाही, साहेब." मांडवात अशी शांतता की भोंग्यातून नुसतं गुं-गुं. आणि त्या शांततेत तात्यांनी शाल झटकली, बाबांच्या तळहातावर आपला तळहात हाणला आणि म्हणाले,

"झालं!"

साहेब भाषण तिथंच टाकून खाली. मागोमाग सात-आठ सफारी सूट. "तात्या, काय झालं?"

"इकला."

"काय विकलं?"

"रस्त्याकडचा कोपरा. ह्यांला."

साहेबांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तात्यांच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजले.

"आँ?"

परत कुजबुजले.

"मोठ्यानं बोल की! बायकोच्या म्होरं उभा हायस का?"

मग साहेबांचा तोल गेला. "आडनाव! आडनाव विचारलं का त्याचं?"

एवढं मोठ्यानं ते भाषणातही बोलले नव्हते. मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं. आचाऱ्यानं जिलबी तळायची थांबवली. आई उभी राहिली. आणि माझ्या मांडीवर कार्बन कॉपी, त्यात साहेबांचं पुढचं वाक्य, दोन उद्गारचिन्हांसकट.

कुणी काही बोलायच्या आत बाबाच उठले. नेहमीच्या आवाजात, तात्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत. चालत नसलं तर आत्ताच सांगा. मी हात परत देतो."

तात्या बसलेलेच. त्यांनी आपला उजवा हात वर करून बघितला, जणू त्यानं त्यांना न विचारता काहीतरी केलं होतं. मला वाटलं, आता पुतण्या येणार. गावाहून. पहिल्या गाडीनं.

"आदी कळतं तर दिली नसती," तात्या म्हणाले. अगदी सरळ. दिलगिरी नाही, काही नाही. "इचाराया पायजे हुतं, ते ऱ्हायलं. पर आता हात सुटला. हात सुटल्याव माझ्या बापानं बैल माघारी घेतला न्हाई, मी बी घ्यायचो न्हाई."

"तात्या, अजून कागद झालेला नाही," एक सफारी म्हणाला.

"कागुद तुमच्यात अस्तोय. आमच्यात हात अस्तोय."

मग साहेबांमधला एजंट जागा झाला. तो कधी फार वेळ झोपत नाही. ते म्हणाले, "ठीक आहे, तात्या. तुमचा शब्द. पण सौदा संमेलनाच्या मांडवात झाला, संमेलनाच्या शालीखाली झाला. म्हणजे मध्यस्थी संमेलनाचीच झाली ना? आमचा हक्क..."

तात्यांनी शालीची घडी घातली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. साहेबांच्या हातात दिली. "ही घ्या तुमची शाल. जरा वापरली, माफी असावी."

आख्खा मांडव हसला. एजंटसुद्धा हसले. साहेबसुद्धा थोडे हसले, कारण फोटोग्राफर समोर होता.

तुम्हाला वाटेल, आम्ही नाचत घरी गेलो. छे! आईचा पहिला प्रश्न, "तिथं पाणी कुठनं भरायचं?" आणि बसमध्ये मीच पेटले. मी म्हटलं, "नको ती जमीन. 'दिली नसती' म्हणाला तो. सगळ्यांसमोर म्हणाला. परत करा."

बाबा खिडकीतून बघत होते. म्हणाले, "बाकीचे तसं म्हणाले नव्हते. त्यांनी पुतण्या आणला. ह्यानं तोंडावर सांगितलं आणि दिली."

"म्हणजे त्याचे उपकार?"

"उपकार कुठले? मी भाव पाडून घेतलाय त्याचा." आणि इथं बाबा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. "म्हाताऱ्याची करंगळी मोडायचीच राहिली."

आई म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा. मी तिथं तुळशीच्या जागी मोगरा लावणार." आणि तिनं डोळे मिटून घेतले. झोपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला अहवाल सांगितला. येरझाऱ्या घालत, कालचं काही झालंच नाही अशा आवाजात. "संमेलनाच्या मांडवातच जात-पात न पाहता एक व्यवहार संपन्न झाला, हे या संमेलनाचं ठळक वैशिष्ट्य होय. अध्यक्षीय भाषणाचा हा तत्काळ परिणाम मानावा लागेल." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं. मी टाइप केलं. इतकं भरभर मी आजवर कधी केलं नव्हतं, कारण मध्ये थांबले असते तर मशीन उचलून खाली कापड-दुकानात टाकलं असतं.

आता तिथं आमचं घर आहे. वर पत्रे, पण भिंती विटांच्या. खरेदीखताच्या वेळी तात्यांचे खरेखुरे पुतणे आले होते, विचार बदला म्हणून सांगायला. तात्यांनी त्यांना कचेरीच्या बाहेरच उभं केलं आणि आत येऊन अंगठा दिला. आमच्याकडे न बघता.

आणि आता रोज संध्याकाळी वावराकडे जाताना ते आमच्या दारात थांबतात. आत येत नाहीत. काठीनं भिंत ठोकून बघतात. "दार हिकडं कशाला केलं? पावसाचं पानी आत ईल." बाबा त्यांच्याशी बैलांवर बोलतात. आई आतून तांब्या आणून पुढं करते. तात्या म्हणतात, "आत्ताच प्यालोय." रोज आई तांब्या आणते. रोज ते आत्ताच प्यालेले असतात. आणि गेल्या पावसाळ्यात कुणीतरी आमच्या कोपऱ्याची खूण सरकवायला आलं, तर हेच तात्या कमरेला धोतर खोचून शिव्या घालत त्याच्या अंगावर धावले, "माझा हात लागलाय त्या जाग्याला!" म्हणून.

मला ह्या माणसाचा राग येतो. मग दोन दिवस ते आले नाहीत की मी दारात जाऊन रस्त्याकडे बघते. आईला विचारलं तर ती म्हणते, "मी तांब्या पुढं करायची थांबणार नाही, त्याला थांबायचं तर थांबू दे." बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "सौदा झालाय, अजून काय पायजे?" पण मला अजून काहीतरी पाहिजे आणि ते काय ते मला कळत नाही.

तुमचं झालंय का हो कधी असं? ज्याला तुम्हाला काही द्यायचंच नव्हतं त्यानंच दिलं, पुरतं दिलं, पाठीशीही उभा राहिला, आणि तरी तुमच्या हातचं पाणी काही प्यायला नाही? तुम्ही काय केलंत मग? आभार मानलेत की भांडलात? झालं असेल तर सांगा ना. तात्या आज संध्याकाळीही येणार आहेत, आणि आज तांब्या घेऊन मी बाहेर जायचं ठरवलंय.